बांधलेली पावले आणि वस्तरा

चीनमधील पाय बांधण्याच्या प्रथेचे वर्णन ऐकताना अंगावर शहारे येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलीची, अंगठा वगळून, पायाची चारही बोटे तळव्याखाली दुमडून पट्टीने करकचून आवळीत. तीन इंची ‘सुवर्णकमळ’ हा त्या पावलाचा आदर्श! हे काम बहुधा आई करी, आणि तेही दुष्टाव्याने नव्हे. मोठ्या पावलांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, हे भय तिच्या हातांना बळ देई.

तथापि चीनला नावे ठेवण्याची घाई नको. महाराष्ट्रात ब्राह्मण विधवेचे केशवपन होई. चीनमध्ये विवाह व्हावा म्हणून मुलीचा देह मोडीत. येथे तो पुन्हा होऊ नये म्हणून विद्रूप करीत. वस्तरा न्हाव्याच्या हाती असला, तरी धाक घरच्यांचाच.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी या मुंडणाविरुद्ध संप केला. त्याच दशकात चीनमधील सुधारक मंडळ्यांचे सभासद दुहेरी शपथ घेऊ लागले: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. यातील दुसरा भाग अधिक मोलाचा. त्याने आईच्या भयावर उतारा दिला. सरकारी मनाईहुकूम १९०२ व १९१२ मध्ये, म्हणजे मागाहून निघाले.

ते भय निराधार नव्हते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले.