पोराचा कागद
(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



पाळकसाहेबांनी मला बोर्डिंगच्या जुन्या आठवणी सांगायला बोलावले आहे. गोड आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या मी दर वर्षी सांगतो. आज एक कडू सांगू द्या.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ज्या बोर्डिंगचा सुपरिटेंडंट होतो, तिथे तिसरीतला एक कातकरी मुलगा तापाने फणफणला. तालुक्याच्या दवाखान्यात नेला. दुसऱ्या रात्री तो गेला. आईबाप दूर वीटभट्टीवर होते. निरोप पोचून ते येईपर्यंत आम्ही दफन उरकले होते.

तीन वर्षांनी बाप एकटाच आला. पडवीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पोराचा कागद द्या."

"कसला कागद, दादा?"

"त्याला काय झालं होतं, ते लिहिलेला."

मी शाळेचे रजिस्टर काढले. त्यात एकच ओळ होती: 'मयत, पटावरून नाव कमी.' दवाखान्यात विचारले, तर जुने केसपेपर मिळाले नाहीत. "ताप होता" एवढेच मी त्याला पुन्हा सांगितले. तो चहाही न घेता उठला.

कायदा काय म्हणतो हे मी पुढे वाचले. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही मृत्यूची नोंद शोधायला लावून तिचा दाखला मागू शकतो. मी त्याला हाताला धरून नोंदणी कार्यालयात नेऊ शकलो असतो. पण त्या दाखल्यात मृत्यूचे कारण देत नाहीत. तेच कलम त्याला मनाई करते. म्हणजे बापाला हवे होते नेमके तेवढेच त्यात नसते. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. नातेवाइकाला, सुपरिटेंडंटला नव्हे, हे लक्षात घ्या.

हे दुःख आपल्याच डोंगरातले आहे असे नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात इन्नू, अतिकमेक्व अशा आदिवासींची मुले उपचारासाठी दूरच्या रुग्णालयांत नेली गेली आणि काही परतली नाहीत. कित्येक आईबापांना दाखला मिळाला नाही, कबर कुठे तेही कळले नाही. त्या कुटुंबांनी पाठपुरावा केला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे खास कायदा लागू झाला. १९९२ अखेरपर्यंत दाखल झालेल्या अशा मुलांची माहिती कुटुंबाला मागता येते आणि शोधात सरकारने मदत करायची असते. मला सर्वांत लागलेली गोष्ट अशी की त्या कायद्यात रुग्णालयांबरोबर धर्मसंघांचाही उल्लेख आहे. प्रभूच्या नावाने काम करणाऱ्यांकडची कपाटे उघडायला कायदा करावा लागला!

आपल्यावर ती वेळ का यावी? आपण मुलांवर प्रेम केले, यात मला शंका नाही. मीही त्या पोराच्या उशाशी रात्रभर बसलो होतो. पण बापाला ते कसे कळणार? त्याच्या हातात काय होते?

म्हणून माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या काळातली बोर्डिंगची रजिस्टरे, डायऱ्या, पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नका, वाळवीला देऊ नका. कार्यालयात आणून द्या. दफनाची नोंदवही मंडळीत असेल तर तीही पाहा. आणि आजच्या वॉर्डनबंधूंनो, मूल दवाखान्यात नेले की केसपेपरची प्रत त्याच दिवशी काढा. एक आईबापांच्या हाती द्या. वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवा.

माझ्या तीन डायऱ्या मी आज आणल्या आहेत. एकीत त्या रात्रीची वेळ, डॉक्टरांनी काय सांगितले ते आणि कबरीची जागा लिहिलेली सापडली. त्या बापाची वाडी मला ठाऊक आहे. हयात असेल तर आता साठीचा असेल. पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या की माणसे वाडीवर परततात. तेव्हा मी जाणार आहे. कार्यालयातले कोणी सोबत आले तर बरे होईल.