क्षयरोगाच्या निदानातील विलंब



क्षयरोगाच्या निदानाला होणारा विलंब हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा रोग ओळखण्याचे साधनच नाही म्हणून विलंब होतो, असे म्हणता येणार नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. थुंकी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी पद्धत तेव्हापासून वैद्यकाच्या हाती आहे. तरीही खोकला सुरू झाल्यापासून औषध मिळेपर्यंत रोग्याचे कित्येक आठवडे वाया जातात. ते कोठे जातात, हे पाहणे अगत्याचे आहे.

खेड्यातला रोगी अडाणी असतो, तो दवाखान्यात येतच नाही, असे पूर्वीपासून सांगितले जाते. १९५९ साली बंगलोर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने हा समज पारखून पाहिला. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. थुंकीत जंतू सापडलेल्या बहुतेक सर्व रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि सुमारे निम्मे रोगी आपण होऊन आधुनिक वैद्यकाच्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांची थुंकी न तपासता खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठविले जाई. अडाणीपणाचा सगळा दोष रोग्याच्या माथी मारता येत नाही, हे या पाहणीने दाखवून दिले.

या गोष्टीला साठ वर्षे होऊन गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात भारतातील अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र केलेले आहेत. त्यानुसार एकूण विलंब सुमारे ५५ दिवसांचा होता. रोगी स्वतः सुमारे १८ दिवस थांबत होता, तर डॉक्टरांकडे पोहोचल्यानंतर निदानाला सुमारे ३१ दिवस लागत होते. निदान झाले की औषध मात्र दोन-तीन दिवसांत सुरू होत असे. याचा अर्थ असा की, निम्म्याहून अधिक काळ दवाखान्याच्या उंबरठ्याच्या आत जात होता.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. खोकला हे शंभर रोगांचे लक्षण आहे. साध्या प्रतिजैविकाने चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा खोकला, पुन्हा नवा डॉक्टर आणि बुडालेली मजुरी. शिवाय थुंकीत जंतू विरळ असतील तर ते सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिलेली जनुकीय चाचणी दोन तासांत उत्तर देते. परंतु यंत्र शहरात आणि रोगी खेड्यात असेल, तर त्या दोन तासांचे पुन्हा अनेक दिवस होतात.

दवाखान्यात न येणारे रोगीही पुष्कळ आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचाराचा शोध घेतलेला नव्हता. त्यांच्या दारी जाणे आवश्यकच आहे. पण जो पदरमोड करून स्वतः दारात आला, त्याला ओळखणे हे त्याहून सोपे आणि म्हणून पहिले कर्तव्य होय. दरम्यान त्याच्या घरातील मुले त्याच हवेत श्वास घेत असतात. दोन आठवडे टिकलेल्या खोकल्याची थुंकी तपासल्याशिवाय रोग्याला परत पाठवू नये, एवढा नियम प्रत्येक दवाखान्याने पाळला, तरी वाया जाणारे पुष्कळ दिवस वाचतील.