बिनतारी जोडणीचा दोष कसा शोधावा

(केंद्रस्तरीय शिक्षणपरिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज माझ्याकडे जो विषय सोपविण्यात आला आहे, तो वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा नव्हे. लॅपटॉपची बिनतारी इंटरनेट-जोडणी वारंवार तुटते, तेव्हा काय करावे, असा तो विषय आहे. परंतु ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत आणि त्यांपैकी एकास माहिती भरण्यासाठी दोन तास यंत्रासमोर खिळून बसावे लागते, त्या शाळेतील दोन वर्ग तेवढा वेळ गुरूवाचून असतात. दोष यंत्राचा असला, तरी त्याची झळ मुलांना लागते. म्हणून या विषयाचा आपण येथे विचार करणे अस्थानी होणार नाही.

प्रारंभी मला एक कबुली दिली पाहिजे. गतवर्षी डोंगराकडील एका द्विशिक्षकी शाळेची पटविषयक माहिती मुदतीत आली नाही. मी खुलासा मागविला. “माहिती भरताना जोडणी वारंवार तुटते,” असे गुरुजींनी कळविले. “ही नेहमीची सबब आहे,” असा शेरा मारून मी तो कागद पुढे पाठविला.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्यास बुधवार पेठेत माझ्या बहिणीकडे राहिलो होतो. जेथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती ही पेठ. आपणांपैकी पुष्कळजण अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेण्यासाठी तेथे गेले असतील. बहिणीचे बिऱ्हाड एका जुन्या वाड्यात आहे; भिंती हातभर जाडीच्या. राऊटर रस्त्याकडील खोलीत होता आणि मी निवांतपणासाठी माजघरापलीकडच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. वरिष्ठांची दूरदृश्य बैठक चालू होती. ती चार वेळा तुटली आणि माझ्या तालुक्याचा अहवाल मांडण्याची वेळ आली, तेव्हा मी बैठकीच्या बाहेर होतो. सायंकाळी मजकडे खुलासा मागण्यात आला. “जोडणी वारंवार तुटत होती,” एवढे लिहिले आणि माझी लेखणी थांबली. हेच वाक्य मी सबब ठरविले होते.

दुसऱ्या दिवशी भाचा मला तपकीर गल्लीत घेऊन गेला. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही गल्ली बुधवार पेठेतच आहे. तेथील एका दुकानातील तरुण कारागिराने लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी मला तीन प्रश्न विचारले. “काका, त्याच जागी मोबाईलवरही जोडणी तुटते का? घरातल्या सगळ्या खोल्यांत तुटते का? आणि दिवसभर तुटते, की ठराविक वेळीच?” मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. “मग आधी घरी जाऊन पाहून या. तोवर मी उघडून काय पाहणार?” असे म्हणून त्याने एक पैसाही न घेता मला परत पाठविले.

बंधुभगिनींनो, त्या तीन प्रश्नांतच आजच्या भाषणाचे सार आहे. एखाद्या मुलाची वजाबाकी चुकते, तेव्हा “हा गणितात कच्चा आहे,” असे म्हणून चांगला शिक्षक थांबत नाही. त्याला अंक ओळखता येतात का, स्थानिक किंमत समजते का, हातचा घेताना तो चुकतो का, हे तो पायरीपायरीने पाहतो. जोडणीचा दोषही असाच शोधावयाचा असतो. “नेट चालत नाही,” हे निदान नव्हे. ती केवळ तक्रार आहे.

पहिली पायरी अशी की, वाटेचे दोन भाग करावेत. लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतची वाट बिनतारी असते. राऊटरपासून पुढे बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट निराळी. यंत्रावर बिनतारी जोडणीची खूण पूर्ण दिसते, तेव्हा केवळ पहिली वाट मोकळी असल्याचे कळते. दुसरीविषयी ती खूण काहीच सांगत नाही. लॅपटॉप राऊटरजवळ आणून पाहावा. तेथे काम सुरळीत चालले, तर दोष अंतराचा किंवा आडकाठीचा आहे. तेथेही तुटत असेल, तर त्याच राऊटरवर मोबाईल जोडून पाहावा. मात्र त्या वेळी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर परीक्षा खोटी ठरते. मोबाईल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, असे आढळल्यास दोष लॅपटॉपमध्ये शोधावा. दोन्ही अडत असतील, तर राऊटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. तो पूर्ण सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे द्यावीत. लॅपटॉपला तारेने राऊटरशी जोडण्याची सोय असेल, तर तेही करून पाहावे. तारेनेही जोडणी तुटत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या वाटेवर आहे आणि सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदविणे हाच उपाय.

आता बिनतारी वाट का अडते, ते पाहू. राऊटर ज्या रेडिओलहरींवर बोलतो, त्यांचे सामान्यतः दोन पट्टे आपल्या उपयोगात येतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसरीची सुमारे सहा. लहर भिंतीतून जाऊ शकते, हे आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास दूरची घंटा वाजवून दाखविले होते. परंतु प्रत्येक भिंत आपला वाटा घेते. जाड दगडी किंवा मातीची भिंत अधिक घेते, पाण्याची टाकी बरेच शोषून घेते आणि लोखंडी पत्रा तर लहर परतवून लावतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला, तरी भिंतीपुढे लवकर दमतो; २.४ चा पट्टा दूरवर पोचतो, परंतु त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्ल्यूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह शेगडी हे सारे त्याच पट्ट्यात असतात.

माझ्या बहिणीच्या घरी हेच घडत होते. मी एकेका खोलीत बसून पाहिले. रस्त्याकडील खोलीत जोडणी एकदाही तुटली नाही. मागच्या खोलीत दुपारी ती टिकत असे आणि रात्री आठनंतर, आजूबाजूची सारी बिऱ्हाडे घरी आल्यावर, तुटत असे. दोन जाड भिंती आणि शेजारची गर्दी, अशी दोन कारणे एकत्र आली होती. भाच्याने राऊटर दाराच्या रेषेत उंच फळीवर ठेवला आणि त्याची वाहिनी बदलली. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. त्यांतील जी कमी गर्दीची, ती निवडावी. या दोन गोष्टींनी काम भागले. नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

गर्दीचे महत्त्व आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील अतिक्षीण लहरी ऐकण्यासाठी मानवनिर्मित रेडिओगोंगाट जेथे कमी, अशी जागा तिच्यासाठी निवडण्यात आली. बिनतारी इंटरनेटच्या विद्येलाही अशाच शास्त्राचा हातभार लागला आहे. जॉन ओसुलिव्हन या ऑस्ट्रेलियातील रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींवर उपाय शोधला. त्याचे अमेरिकन पेटंट १९९६ साली मिळाले. रिकाम्या सभागृहात भरभर बोलले, तर शब्द एकमेकांत मिसळतात. सावकाश बोलले, तर समजतात. संदेश अनेक पोटवाटांत वाटून प्रत्येक वाटेने सावकाश पाठवावयाचा, हे त्या युक्तीचे मर्म आहे.

दोष लॅपटॉपमध्येच आहे असे ठरल्यास क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात. एक, वीज वाचविण्यासाठी यंत्र आपले बिनतारी साधन मधूनमधून झोपवते. सेटिंगमध्ये त्या साधनाच्या पानावर तशी परवानगी दिसल्यास ती काढून घ्यावी. दोन, जोडणीचे नाव ‘विसरा’ अशी आज्ञा देऊन संकेतशब्द पुन्हा घालावा. जुन्या नोंदीतील चूक त्याने जाते. तीन, यंत्राला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. यंत्राने आपल्या मनाने एक घेतला आहे. अशा वेळी जोडणी तोडून पुन्हा जोडावी. चार, साधनाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालविणारी आज्ञावली, अद्ययावत करावी. यांखेरीज दोन बारीक गोष्टी. यंत्रातील तारीख चुकलेली असेल, तर जोडणी उत्तम असूनही शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत. तसेच वेगवान जातीचा पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लॅपटॉपला लावलेली असताना तिच्या गोंगाटाने २.४ चा पट्टा बिघडू शकतो; ती काढून पाहावी.

हे सारे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. चार बदल एकदम केले आणि जोडणी सुधारली, तर काय कामास आले हे कळत नाही, आणि पुढल्या खेपेस आपण पुन्हा अज्ञानीच राहतो. एका वहीत वार, वेळ, जागा, कोणते यंत्र अडले आणि काय केले, एवढे पाच रकाने आखावेत. पंधरा दिवसांत दोष आपण होऊन बोलू लागेल.

पुण्याहून परतल्यावर मी त्या डोंगराकडील शाळेस भेट दिली. राऊटर कोठे आहे, असे विचारताच गुरुजींनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडले. चोरीच्या भयाने त्यांनी राऊटर कपाटात कुलूपबंद केला होता. कपाटाच्या भोकातून तार आत गेली होती. वर पत्र्याचे छप्पर आणि भोवती लोखंडाचा पेटारा! यंत्राची काळजी घेण्याच्या भरातच यंत्राचा आवाज कोंडला गेला होता. आम्ही तो शाळेच्या वेळेपुरता बाहेर उंच कोनाड्यात ठेवला, शाळा सुटल्यावर पुन्हा कपाटात. त्या महिन्याची माहिती वेळेवर आली. गुरुजींचा दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगणे ज्याचे काम होते, तो शेरे लिहीत होता. तो शेरा मी लेखी मागे घेतला आहे.

जेथे राऊटर नाही आणि मोबाईलवरून लॅपटॉप जोडावा लागतो, तेथे मोबाईल टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवावा. माहिती आधी कागदावर किंवा लॅपटॉपमधील तक्त्यात पूर्ण तयार करावी. जोडणी चालू असताना विचार करीत बसू नये. प्रत्येक पानानंतर माहिती जतन करावी आणि पोच मिळताच तिचे छायाचित्र ठेवावे. अर्ध्यावर तुटलेल्या नोंदीत एखाद्या मुलाचे नाव राहून गेले, तर त्याची शिष्यवृत्ती राहून जाते. यंत्राला त्याचे दुःख नाही, आपणांस असावयास हवे. आणि वर्गाच्या वेळेत जोडणी तुटलीच, तर दहा मिनिटांवर प्रयत्न करू नये. यंत्र बंद करावे आणि वर्गावर जावे. तुटलेली जोडणी दुपारी पुन्हा जुळते. मुलांचा गेलेला तास जुळत नाही.

केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे की, “जोडणी तुटते,” असा खुलासा आल्यास त्यावर शेरा लिहिण्यापूर्वी त्या कारागिराचे तीन प्रश्न विचारावेत. शिक्षकांना विनंती की, त्या प्रश्नांची उत्तरे वहीत तयार ठेवावीत. एवढे झाले, तर निम्मे दोष शाळेतच सुटतील आणि उरलेल्यांची तक्रार आपण पुराव्यानिशी करू शकू.