वाटेवरचे अनामिक



प्रवासांतील ओळख फार अल्पायुषी असते. एका बांकावर बसून दोन माणसें शिदोरी वांटून खातात, आपलें स्टेशन आलें कीं त्यांतील एक उतरून जातो, आणि दुसऱ्यास त्याचें नांवही ठाऊक नसतें. तथापि अशा घटकाभराच्या सोबतीवर माणसाचा माणसांवरील विश्वास कधीं टिकतो, तर कधीं ढळतो. मोहनदास करमचंद गांधी यांचा १८९३ सालचा डर्बन ते प्रिटोरिया हा प्रवास या दृष्टीनें पुन्हा पाहण्यासारखा आहे.

त्यांतील पहिला प्रसंग शाळकरी मुलांसही ठाऊक असतो. पहिल्या वर्गाचें तिकीट जवळ असतांही त्या २३ वर्षांच्या बॅरिस्टरास पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर उतरवून देण्यांत आलें. ओव्हरकोट सामानांत राहिलेला. अशा स्थितींत कडाक्याच्या थंडींत त्यांनीं उतारूंच्या खोलींत रात्र काढली. गोष्ट बहुधा येथेंच संपविली जाते. प्रवास मात्र पुढें चालूच होता.

चार्ल्सटाऊनपासून जोहान्सबर्गपर्यंत तेव्हां घोड्यांच्या शिग्राममधून जावें लागे. गाडीवरील गोऱ्या मुखत्यारानें गांधींस इतर उतारूंबरोबर आंत न बसवितां बाहेर, हांकणाऱ्याशेजारीं बसविलें. पुढें पारडीकोप येथें त्याला स्वतःलाच त्या जागीं बसून धूम्रपान करण्याची लहर आली. पाय ठेवावयाच्या फळीवर मळकें गोणपाट पसरून ‘येथें बैस’ असा त्यानें हुकूम सोडला. नकार मिळतांच मारहाण सुरू झाली. गांधींनीं बैठकीचा पितळी कठडा घट्ट धरून ठेवला. मनगटें तुटलीं तरी तो सोडावयाचा नाहीं असा त्यांचा निश्चय होता. तेव्हां आंतील गोऱ्या उतारूंपैकीं कांहींजण मध्यें पडले. या माणसाचा अपराध नाहीं, त्याला मारूं नका, वाटल्यास त्याला आमच्यापाशीं बसूं द्या, असें ते म्हणाले. मुखत्यार वरमला आणि त्यानें हात आवरला. परंतु त्या फळीवर अखेर बसावें लागलें तें बैठकीच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या आफ्रिकी नोकरास. त्याच्यासाठीं कोणी तोंड उघडल्याचें गांधींच्या हकीकतींत आढळत नाहीं. सज्जनांची दृष्टिही कोठवर पोहोंचते आणि कोठें थांबते, हें या एका गोष्टीवरून ध्यानीं येतें.

जोहान्सबर्गहून पुढें आगगाडी होती. जर्मिस्टन येथें गार्ड तिकिटें तपासावयास आला आणि बोटानें खूण करून त्यानें गांधींस तिसऱ्या वर्गांत जाण्यास सांगितलें. डब्यांत दुसरा एकच उतारू, तोही इंग्रज. त्यानेंच गार्डाची कानउघाडणी केली, आणि गांधींस आहां तेथेंच स्वस्थ बसा असें सांगितलें. गार्ड कुरकुरत निघून गेला.

प्रिटोरियास गाडी पोहोंचली तेव्हां रात्रीचे आठ वाजले होते. दिवे मिणमिणते, उतारू थोडे, आणि न्यावयास कोणीच आलेलें नाहीं. हॉटेलांत जागा मिळेल कीं अपमान होईल, ही चिंता मनांत होती. जवळच उभ्या असलेल्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थानें ही अडचण हेरली, आपण होऊन चौकशी केली, आणि आपल्या परिचयाच्या जॉन्स्टन नांवाच्या अमेरिकन माणसाच्या लहानशा हॉटेलांत त्यांस पोहोंचतें केलें. जॉन्स्टननें जागा दिली. जेवण मात्र खोलींतच घ्यावें अशी अट घातली, कारण इतर गिऱ्हाइकें नाराज होतील अशी त्याला भीति होती. थोड्या वेळानें तोच परत आला. त्यानें गिऱ्हाइकांस विचारून पाहिलें होतें, आणि कोणाचीच हरकत नव्हती! जी भीति त्याला पडली होती, ती एका प्रश्नासरशी नाहींशी झाली.

गांधींची आत्मकथा १९२५ पासून प्रसिद्ध होऊं लागली, म्हणजे या गोष्टींस तीस वर्षें उलटून गेल्यावर. इंग्रज उतारू आणि अमेरिकन गृहस्थ यांचीं नांवें तींत नाहींत. त्यांचें वर्तन मात्र तपशीलवार राहिलें आहे. प्रतिपक्षांतही माणूस असतो, ही ज्यांची पुढें आयुष्यभर श्रद्धा होती, त्यांस तिचा पुरावा अपमानाच्या याच वाटेवर मिळालेला होता.

या अनामिकांनीं केलें तें फार मोठें नव्हतें. कोणी एक वाक्य बोलला, कोणी वाट दाखविली, कोणी धीर करून प्रश्न विचारला. एवढें करण्याचा प्रसंग गाडीच्या डब्यांत बसणाऱ्या प्रत्येकावर केव्हां तरी येतोच. त्या वेळीं खिडकीबाहेर पाहत राहणें सोपें असतें. फळीवर बसविलेल्या त्या नोकराची आठवण अशा क्षणीं व्हावी, इतकेंच.