पाण्याचे वांटेकरी

मुंबईच्या नळांतून रोज जें पाणी येतें, त्यांतील जवळजवळ निम्में ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्याच्या भातसा धरणाचें असतें. हें पाणी धरणापासून शहरापर्यंत सारें नळांतूनच येतें असें नव्हे. तें प्रथम नदीच्या पात्रांत सोडतात. नदीच तें पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहून आणते, आणि तेथून तें उपसून घेतलें जातें. म्हणजे भातसा ही नदीही आहे आणि शहराचा पाटही आहे. एकाच प्रवाहाला हीं दोन नातीं सांभाळावीं लागतात, आणि त्यांतूनच आजचा प्रश्न उद्भवतो : या पाण्यावर हक्क कोणाचा, आणि ज्याला हक्क मागतांच येत नाहीं त्याचें काय?

पहिला वांटेकरी शहर. १८९२ सालीं तानसा धरण झालें. पुढें वैतरणेवर १९५७, १९७३ आणि २०१४ या सालीं एकामागून एक तीन धरणें उभीं राहिलीं. शहराची तहान खोटी नाहीं; लक्षावधि कुटुंबांचें जीवित तिच्याशीं बांधलेलें आहे.

दुसरा वांटेकरी शेतकरी. कोकणांत पाऊस उदंड, परंतु दिवाळी उलटली कीं ओढे आटूं लागतात. भात कापून झाल्यावर कालव्याचें पाणी मिळालें, तरच शहापूर-मुरबाडकडील शेतकऱ्याला भेंडीसारखें दुसरें पीक घेतां येतें. पाण्याची पाळी आठ दिवस चुकली, तर त्याची सारी मेहनत वाळून जाते. आणि शेवटच्या चारीवर ज्याचें शेत, त्याच्या वांट्याला ही चूक नेहमींच अधिक येते. तिसरे वांटेकरी तेथलेच डोंगरपाडे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण शहापूर तालुक्यांत दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांना समजावून सांगावी लागत नाहीं.

चौथा वांटेकरी मासा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत नाले गढूळ पाण्यानें भरून वाहूं लागले, कीं अंड्यांनीं भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढूं लागतात आणि ओढ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात. या चढण्याला ठाणें-रायगडकडे वलगण म्हणतात. महाशीर या मोठ्या खवल्यांच्या, बलिष्ठ माशाचें जीवनहि याच ऋतुचक्रावर चालतें. उन्हाळ्यांत तो खोल डोहांत राहतो, आणि पावसाळ्यांत स्वच्छ, खळखळत्या पाण्यांत अंडीं घालतो. दख्खनच्या महाशीराचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलें व जातीला नांव दिलें तें येथील लोकांच्या तोंडचेंच.

माशाची मागणी वस्तुतः फार थोडी आहे : उन्हाळ्यांत न आटणारा डोह, डोहांना जोडणारी बारीक कां होईना वाहती धार, आणि पहिल्या पावसांत मोकळी वाट. पाणी एकाएकीं सोडणें व एकाएकीं बंद करणें, हें त्याला सर्वांत घातक. कारण त्यांत अंडीं वाहून जातात किंवा पिलें उघडीं पडतात.

आपल्या पूर्वजांनीं ही मागणी आपल्या परीनें ओळखली होती. वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें महादेवाच्या सान्निध्यांत महाशीर निर्भयपणें वावरतात. हें गांव पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडींतहि देवीच्या नांवानें मासे राखले आहेत. परंतु देवाची आण जाळें अडवूं शकते; वरच्या अंगाला अडलेलें पाणी ती आणूं शकत नाहीं.

मग बीजकेंद्रांतील पिलें सोडून भागेल काय? लोणावळ्यास वाढविलेलीं महाशीराचीं पिलें अनेक नद्यांत सोडलीं गेलीं आणि त्या जातीचें संकट पुष्कळ हलकें झालें. पण तींच पिलें कावेरींत सोडलीं गेल्यावर तेथील मूळचा कुबडा महाशीर मागें रेटला गेला. त्या कुबड्या जातीला शास्त्रीय नांव मिळालें २०१८ सालीं, तेव्हां ती नामशेष होण्याच्या काठावर आली होती. नदीची उणीव हौदानें भरून निघत नाहीं.

यावर शेतकरी विचारतो, “माशासाठीं पाणी सोडावयाचें तर तें माझ्याच चारींतून कां?” हा प्रश्न रास्त आहे. शहराचा नळ अखंड वाहत राहावा आणि माशाचें पुण्य मात्र कालव्याच्या टोकाशीं बसलेल्या माणसानें जोडावें, हा न्याय नव्हे. जुन्या काळीं खळ्यावर रास घरीं नेण्यापूर्वींच बलुतेदारांचा वांटा बाजूला काढीत. तो कोणा एका भावाच्या हिश्शांतून जात नसे, साऱ्या राशींतून जाई. माशाचा वांटाहि तसाच आधीं काढला पाहिजे. मग जें उरेल त्यांत शहर, शेत व गांव यांनीं आपापली तूट प्रमाणानें सोसावी.

ही कल्पना कायद्याला परकी नाहीं. महाराष्ट्रांत २००५ सालच्या कायद्यांनीं पाणीवापर संस्थांना मोजून पाणी मिळण्याचा हक्क दिला. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीनें नदीच्या प्रवाहाचा कांहीं भाग तिच्या स्वतःच्या गरजेसाठीं राखावा असें म्हटलें. उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेसाठीं तर २०१८ सालीं केंद्र सरकारनें कोरड्या महिन्यांत सरासरी प्रवाहाच्या २० टक्के पाणी पात्रांत राहिलेंच पाहिजे, असा नियम केला. गंगेला जें मिळालें तें भातसेला व काळूला कां मिळूं नये?

मुरबाडच्या काळू नदीवर महानगराच्या पाण्यासाठीं योजलेल्या धरणाचें काम वनखात्याच्या मंजुरीवांचून सुरू झालें, म्हणून २०१२ सालीं उच्च न्यायालयानें तें थांबविलें. त्यांतून घेण्याचा बोध असा, कीं जें विचारावयाचें तें भिंत उभी राहण्यापूर्वीं विचारावें. भिंत झाल्यावर प्रत्येक थेंबाला धनी मिळालेला असतो, आणि नव्या वांटेकऱ्याला कोणी जागा देत नाहीं.

हा वांटा काढावयाचा कोठून? कालव्यांच्या भेगांतून मुरणारें आणि शहराच्या जुन्या नळांतून गळणारें पाणी वांचवलें, तर कोणाच्याहि ताटांतला घास न काढतां पुष्कळसा भाग निघेल. गांवकऱ्यांनीं वलगणीच्या पहिल्या चढणीला जाळें आवरावें, डोहांत सुरुंग व विष घालणाऱ्यांना अडवावें. आणि शहरवासीयांनीं गळका नळ दुरुस्त करतांना इतकें स्मरावें, कीं तें पाणी ज्या नदीनें आणलें, तिच्यांत आपल्या आधींपासून कोणी राहत आहे.