मोहाखाली आग नको, जाळी हवी



इटलीतल्या पिएमोंते भागात तिमोरासो नावाची द्राक्षं होतात.
ती जवळजवळ नाहीशी झाली होती.
1980 च्या दशकात वॉल्टर मासा या शेतकऱ्यानं ती जपली, वाढवली.
आज त्या द्राक्षांच्या वाइनला मान आहे.

असाच अस्सल ठेवा आपल्या जबलपूरच्या शेजारी, मंडला-दिंडोरीत आहे.
तो म्हणजे मोहाचं झाड.

त्याला रासायनिक खत नको, फवारणी नको.
मार्च-एप्रिलमध्ये रात्री फुलं गळतात.
पहाटे गोंड आणि बैगा कुटुंबं ती वेचतात.
ती वाळवून खातात, आंबवून दारूही गाळतात.

2022 मध्ये मध्य प्रदेशच्या अबकारी धोरणानं या दारूला वारशाचं स्थान दिलं.
सुरुवातीला अलीराजपूर आणि दिंडोरी हे जिल्हे निवडले.

पण एक काळजी आहे.
फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात.
त्या आगीत मोहाची कोवळी रोपं जातात.
मग म्हाताऱ्या झाडांची जागा कोण घेणार?

उपाय सोपा आहे.
झाडाखाली जाळी बांधावी.
फुलं स्वच्छ मिळतात, रोपंही वाचतात.

पुन्हा सांगते, मंडळी.
आग नको, जाळी हवी.
मोहाची रोपं जगली, तरच मोहाची चव पुढच्या पिढीला मिळेल.