ताऱ्यांचे मीलन आणि त्यांचे चुंबकत्व



या दिवसांत रात्री आग्नेयेस वृश्चिक रास वर येते. तिच्यातील तांबूस ज्येष्ठा आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या दोहों बाजूंस दोन फिके तारे दिसतात. त्यांतील मागाहून उगवणाऱ्यास ज्योतिर्विद ‘टाऊ’ म्हणतात. आज आम्ही बोलणार आहोत ते या टाऊविषयी.

सूर्याला चुंबकत्व आहे. त्याच्या बाहेरच्या थरांत सतत उकळी चालू असते आणि तो स्वतःभोवती फिरतो, त्यातून ते निपजते. टाऊ सूर्याहून सुमारे पंधरा पट जड. त्याच्या बाहेरच्या थरांत तशी उकळी नाही. तरीही 2006 साली त्याचे चुंबकत्व मोजले गेले, ते पृथ्वीच्या सुमारे हजारपट भरले! अशा जड ताऱ्यांत दहांतून जेमतेम एकास चुंबकत्व असते. मग याला ते मिळाले कोठून?

2019 साली काही शास्त्रज्ञांनी गणकयंत्रावर दोन तारे एकमेकांत मिसळून पाहिले: एक नऊ सूर्यांच्या भाराचा, दुसरा आठ. अंबाडीचा वाख ओढून पीळ दिला की दोर बळकट होतो. तद्वत् त्या घुसळणीत मूळचे क्षीण चुंबकत्व ताणले, पिळले जाऊन प्रबळ झाले. शिवाय गाभ्यास ताजे इंधन मिळाल्याने नवा तारा खऱ्या वयाहून तरुण दिसू लागला. टाऊही आपल्या सोबत्यांहून तरुण दिसतो.

चुंबकत्वाचे परिणाम दिसतात. ताऱ्यावरून वाहणारा वारा चुंबकी वेटोळ्यांत अडकतो, समोरासमोर आदळतो, लक्षावधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. आपली हवा ते अडवते. म्हणून दुर्बीण अंतराळात न्यावी लागते. 2015 साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

रेडिओलहरी मात्र जमिनीवर पोहोचतात. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण आहे. बर्नाली दास व पूनम चंद्रा यांनी तिच्या साहाय्याने, दीपगृहाच्या झोताप्रमाणे ठराविक वेळी रेडिओलहरी सोडणारे आठ उष्ण चुंबकी तारे शोधल्याचे 2021 साली जाहीर झाले.

हे सारे तारे मीलनातूनच जन्मले, असे मात्र कोणी समजू नये. गणित म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष मिळाली 2024 साली, एका जोडताऱ्याची. जोडीचे तारे समवयस्क असावयाचे. पण त्यातील चुंबकी तारा निदान पंधरा लक्ष वर्षांनी तरुण दिसला, आणि भोवती सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी उधळलेल्या वायूचा ढग होता. मुळात तेथे तीन तारे असून दोन एक झाले, हाच अर्थ सरळ दिसतो.

तेव्हा ताऱ्याचे रूप पाहून वय ठरवावयाचे, तर आधी तो एकटाच जन्मला काय, हे विचारले पाहिजे.